टाइपरायटर नव्हे

ब्रनोत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
मी अजून त्याच ओळीवर आहे:
‘ही हाक फसली तर उणे एक परत येतं,
आणि कारण…’

कारण कुणी लिहून ठेवलेलं नाही.

उणे एक म्हणजे नुसती मान हलवणं.
का नाही, ते विचारायला वेगळं जावं लागतं,
तेही लगोलग;
मधे दुसऱ्या कुणाला हाक मारलीत
तर पहिलं कारण पुसलं जाऊ शकतं.

कारणांची यादी करणं हे माझं काम.
कर्नेलचा सोर्स उघडायचा, फांदी फांदी चढायची,
कुठून कुठला नकार खाली पडतो ते बघायचं.
आणि नुसत्या वाचण्यावर भरवसा नसेल
तर मुद्दाम चुकायचं.
डिस्क काठोकाठ भरायची: अठ्ठावीस, जागा उरली नाही.
वाचता वाचता सिग्नल पाठवायचा: चार, मधेच कुणीतरी तोडलं.
नसलेल्या मुलाची वाट बघायची: दहा.
दहाची ओळ मी एका दमात लिहिली
आणि चहा ठेवायला उठले.

काही नकार खोटे नसतात, आळशी असतात.
बावीसच घ्या. ‘अर्ग्युमेंट चुकीचं.’
अरे, पण सहांतलं कुठलं?
ताकास तूर लागू देत नाही.
मी बावीसखाली नऊ कारणं लिहिली,
वेंदेलीननं पाचांवर आणली.
म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बदलतील.
बदलतील तेव्हा बदलू.
आज रात्री ज्याचा प्रोग्राम अडलाय
तो आजच्याच पानावर येणार.

मग पंचवीस.
पंचवीसचा जुना अर्थ: टाइपरायटर नव्हे.
टर्मिनलला करायची विनंती
कुणी साध्या फाइलला केली
की यंत्र म्हणायचं: टाइपरायटर नव्हे.
पुढे शहाण्या माणसांनी वाक्य सुधारलं,
‘या उपकरणाला ही विनंती लागू नाही’ वगैरे.
कोडच्या नावात मात्र तो टाइपरायटर अजून बसलेला आहे.

शनिवारी जिन्यात हे मी ओताकर बेझदेकना सांगितलं.
त्यांनी एकतीस वर्षं झ्ब्रोयोव्कात
टाइपरायटर जुळवले. कॉन्सुल.
आमच्या शाळेत होते तेही त्यांच्याच हातचे असतील.
वाटलं, हसतील.
त्यांनी पिशवी खाली ठेवली.
‘कितीदा म्हणतं ते असं?’
म्हटलं, मोजत नाही कुणी. पुष्कळदा.
कितीतरी प्रोग्राम सुरू होताना चाचपतात,
पलीकडे टर्मिनल आहे का.
नसलं तर पंचवीस.
कुणाला दिसतही नाही, काम पुढे चालू राहतं.

‘म्हणजे,’ बेझदेक म्हणाले, ‘अजून विचारतात तर.’

मला आत बोलावलं. पलंगाखालून ओढून काढला:
करड्या रंगाचा, झाकणाला वायर बांधलेली.
कागद घातला, माझ्याकडे सरकवला.
मी माझं नाव टाइप केलं,
डोक्यावर हूक असलेला ‘आर’ वर उठला आणि
वरच राहिला.
त्यांनी नखानं तो खाली लोटला.
‘याचं कारण मला ठाऊक आहे,’ म्हणाले,
आणि सांगितलं नाही.

घरी येऊन पंचवीसखाली दोन ओळी लिहिल्या.
पहिली नावाच्या इतिहासाची. ती वेंदेलीन खोडेल.
दुसरी अशी:
‘ही चूक बहुधा चूक नसते;
पलीकडे कोण आहे हे विचारल्याचं उत्तर असतं.’

सोमवारी त्याचा शेरा आला.
इतिहास त्यानं ठेवलाय.
दुसऱ्या ओळीत एका शब्दाभोवती लाल चौकट,
समासात प्रश्न: बहुधा म्हणजे किती?

मी मोजायला बसले आहे.